गेंटला भिजलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी हाय. चादर न्हाय. हे आदीच सांगून टाकते, कारण सोलापुरात ऱ्हाते म्हटलं की समोरचा लगेच मान डोलावतो, "अच्छा, चादर!" डोकंच फिरतं माजं. चादर मशीनवर खटाखट निघती आन तिच्यावर मोर असतो. माज्यावर मोरबिर काय न्हाय. मी काळी, जाड, अंगाला टोचणारी. पण एकदा पावसात चादर पांघरून बगा, आन मग माज्याशी बोला.

माजा जन्म मंगळवेढ्याच्या अंगाला एका वाडीत झाला. बिरप्पा तवा तिशीतला धनगर, दीडशे मेंढरांचा मालक. त्यानं मेंढरं कातरली. त्याच्या बायकोनं, केराबाईनं, थंडीभर बसून लोकरीचं सूत कातलं. मांडीवर पोर आन हातात सूत, असं तिचं चालायचं. मग शेजारच्या गावच्या सणगरानं खड्ड्यातल्या मागावर मला विणलं. विणताना सुताला चिंचोक्याची खळ पाजत्यात. चिंचोके भाजायचे, भरडायचे, शिजवून चिकट पेज करायची आन सुताला चोळायची. त्यानं घोंगडी पुठ्ठ्यागत कडक ऱ्हाती. नवी होते तवा मला भिंतीला टेकवली तर मी आपली आपण उभी ऱ्हायचे. केराबाईनं मला लाल धाग्याचा काठ घातला आन नवऱ्याच्या खांद्यावर टाकली. म्हणाली, "आता भिजू नगा."

पुढची पस्तीस वर्सं मी एका दिवसाची सुट्टी घेतली न्हाय. पाऊस आला की बिरप्पा माजी खोळ करायचा. एक कोपरा दुमडून डोक्यावर, बाकीची मी पाठीवर, गुडघ्यापातूर. थंडीत मी पांघरूण, उन्हात सावली. रानात एखादी मेंढी व्याली की ओलं कोकरू माज्यात गुंडाळून तो तीन-तीन कोस चालायचा. कोकरानं माज्यावर काय काय केलं ते सांगत न्हाय, तुमाला समजलं असंल.

पण माजं मोठं काम येगळंच होतं. आमच्यात घोंगडी म्हंजे नुस्तं अंथरूण न्हाय. लगीन ठरवायचं, भांडण मिटवायचं, तर घोंगडी अंथरायची. जोडे लांब काढायचे, हातपाय धुवायचे आन मग बसायचं. घोंगडीवर बसून खोटं बोलायचं न्हाय. घोंगडीवर दिलेला शब्द मोडायचा न्हाय. आन थोरल्या माणसानं घोंगडीवर बसवून काय मागितलं, तर "न्हाय" म्हणायची रीतच न्हाय. वाडीत कुणाचं काय अडलं की माणूस यायचा, "बिरप्पा, तुजी घोंगडी दे." मला लई भारी वाटायचं. पाटलाच्या खुर्चीला जेवढा मान न्हवता तेवढा मला होता.

मग बिरप्पाचे गुडघे गेले. तीन वर्सांमागं त्यानं मेंढरं विकली आन नवराबायको सोलापूरला, भवानी पेठंत, पोराकडं ऱ्हायला आली. पोरगा धनाजी टॉवेलच्या कारखान्यात कामाला. दोन खोल्या. मला प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून, वर डांबराच्या चार गोळ्या टाकून माळ्यावर टाकलं. गोळ्यांचा वास असा की माजं डोकं दुखायचं. घोंगडीला डोकं नसतं म्हणू नगा. खाली बिरप्पा खिडकीशी बसून ऱ्हायचा आन वर मी. दोगं बी बिनकामाचे.

धनाजीची पोरगी प्रियंका नर्स हाय. चार वर्सांमागं ती बेल्जियम म्हणून एक देश हाय तितं गेली, गेंट म्हणून गावात. तितल्या म्हाताऱ्या माणसांची सेवा करती, त्यांची भाषा बी शिकली. यंदा ती सुट्टीला आली, आज्जाला खिडकीशी बसलेला बघितला आन म्हणाली, "आज्जाला मी महिनाभर घेऊन जाते. जग बघू दे त्याला."

त्याच रात्री न्हाय, दुसऱ्या दिवशी दुपारी, पोरगी बाजारात गेलेली बघून केराबाईनं मला माळ्यावरनं खाली वढलं. मला वाटलं, सुटले बाबा. पण तिच्या मनात येगळंच होतं.

ती बिरप्पाला म्हणाली, "आवं, ही संगं न्या. पोरीला ह्याच्यावर बसवा आन शबूद घ्या. चैत्रापातूर परत यायचं आन वैरागच्या सिद्धूसंगं लगीन करायचं. फोनवर इचारलं की 'बघू आज्जी, बघू आज्जी'. घोंगडीवर बघू चालत न्हाय."

"पोरगी सत्तावीस वर्साची हाय," बिरप्पा म्हणाला.

"म्हणून तर! सिद्धू काय वाईट हाय व्हय? खताचं दुकान हाय, तंबाखू सुदीक खात न्हाय."

"मग तूच ये की. तूच घे शबूद."

"मला ते उडतं नगं. आन ती माजं ऐकती व्हय? ती तुमचं ऐकती."

बिरप्पा गप बसला. गप बसला म्हंजे हो म्हणाला, असा केराबाईचा पन्नास वर्सांचा हिशेब.

आन मग तिनं ती चूक केली. परदेशात जायचं, चार गोऱ्या माणसांत घोंगडी गबाळी दिसायला नगं, म्हणून तिनं चिंचोके शिजवले आन मला दोन्ही अंगानं दाबून खळ पाजली. वाळल्यावर मी परत पंचवीस वर्सांची झाल्यागत ताठ! आरशात बघावंसं वाटलं. नवी खळ पाजलेली घोंगडी रिपरिप पावसात न्यायची नसती, पयल्या पावसात ती सारी खळ सोडती, हे केराबाईला माज्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण तिकडं आक्टोबरात पाऊस असतो हे तिला कोण सांगणार?

विमानतळावर पयला तमाशा. तितं सामान ताटात ठेवून मशीनमदनं पाठवत्यात. बिरप्पाच्या पुढच्या माणसानं आपले बूट ताटात ठेवले. झालं, बिरप्पा अडून बसला. "जोड्याच्या ताटात मी घोंगडी ठिवत न्हाय." मागं रांग वाढली, पोलीसबाई वैतागली. शेवटी प्रियंकानं गळ्यातली ओढणी काढून ताटात अंथरली, मग मी आत गेले. पोलीसबाईनं मला बोटानं टोचून बघितलं आन इचारलं, "ह्यात काय आहे?"

"चिंचोके," बिरप्पा म्हणाला.

तितं आणखी अर्धा तास गेला.

गेंटमदी पयले आठ दिवस मी खुर्चीवर पडून होते. प्रियंकाला रोज ड्युटी. सकाळी जायची, संध्याकाळी येऊन भात टाकायची आन बोलता बोलता झोपायची. नवव्या दिवशी तिला सुट्टी मिळाली. एकच दिवस. तिनं मोबाईलवर यादी केली होती: पूल, चर्च, किल्ला, जुना बाजार. "आज्जा, आज तुला सगळं गाव दाखवते."

बिरप्पानं खिडकीतनं बघितलं. पाऊस म्हणावा तर पाऊस न्हवता. वरनं कोणतरी पीठ चाळत बसल्यागत बारीक, गार, थांबायचं नाव न घेणारा. त्यानं मला उचललं. मला समजलं की आज त्याला काम उरकायचंय. पोरगी दिवसभर संगं हाय. कुटंतरी कोरडी, चांगली जागा बघायची, मला अंथरायची आन शबूद घ्यायचा. घरात का घेतला न्हाय म्हणाल, तर घरात ती कायम दमलेली. दमलेल्या माणसाकडनं शबूद घेऊ नये, एवढी अक्कल त्याला होती.

बाहेर पडलो. प्रियंकाच्या अंगात पिवळा रेनकोट, हातात छत्री. दगडी रस्ते वले होऊन चमकत होते, मधनं ट्राम घसरत जायची. एका पुलावर तिनं आमाला थांबवलं. खाली कालवा, दोन्ही काठाला टोकदार कपाळाची जुनी घरं, समोर एकामागं एक तीन मनोरे. तेवढ्यात वाऱ्यानं छत्री उलटी केली. दोन काड्या मोडल्या. बिरप्पा माज्या खोळीतनं बघून हसला. हितं आल्यापासनं पयल्यांदा हसला.

"हास, हास," प्रियंका म्हणाली. "तुजी घोंगडी लई शहाणी."

"हाय की."

पुलावर बाकडं होतं, पण त्यावर पाण्याचं तळं. बिरप्पानं बघितलं आन मान हलवली. मग चर्च. केवढं उंच! आत कोरडं, शांत, मेणबत्त्या. बिरप्पाचा चेहरा खुलला, देवाच्या दारात शबूद, ह्याच्यापेक्षा चांगलं काय? त्यानं दाराशीच बूट काढले आन मोज्यावर आत गेला. बघतो तर सगळी माणसं बूट घालून फिरायलीत.

"देवळात बी जोडे?" तो ओरडलाच.

"आज्जा, हळू. हितं असंच असतं."

"मग ही फरशी घोंगडीच्या लायकीची न्हाय."

तेवढ्यात मागनं एक बाई धावत आली, हातात बिरप्पाचे बूट. तिला वाटलं म्हातारा विसरला. बिरप्पानं बूट घेतले आन तिला हात जोडले. काय करणार?

किल्ल्यात तीच गत. गोल गोल दगडी जिना, वर वारा, आन जितं सपाट जागा तितं बुटांचा चिखल. बिरप्पाचे गुडघे बोलायला लागले. खाली उतरून जुन्या बाजारात आलो तवा प्रियंकानं एक लांबलचक दगडी इमारत दाखवली. "आज्जा, हे बघ, हे तुज्यासाठी ठेवलं होतं. ह्या गावात सातशे वर्सांमागं लोकरीच्या कापडाचा धंदा होता. घरोघर माग. आन कापडाचा सौदा असल्या इमारतीत व्हायचा."

बिरप्पा थांबला. पाण्यानं चिंब भिंतीवर त्यानं हात ठेवला.

"मग मेंढरं कुटं गेली?"

"लोकर बाहेरनं यायची. इंग्लंडातनं."

"आन माग?"

"गेले की. बंद पडले."

"हितं बी?" तो म्हणाला आन पुढं काय बोलला न्हाय. प्रियंकाला वाटलं आज्जाला आवडलं न्हाय. तिचं तोंड उतरलं. तिनं आठ दिवस आदी ही जागा हुडकून ठेवली होती, मी बघितलं होतं. पण ही दोगं बी अशी की मनातलं तोंडावर यायला ह्यांना मुहूर्त लागतो.

आन हितनं माजी गोची सुरू झाली. तीन तास रिपरिप पिऊन माजी खळ सुटली. आदी वास सुटला, कच्च्या चिंचोक्याचा आन वल्या मेंढराचा. माज्या वासाचं मला काय वाटत न्हाय, पण आमी तवा ट्राममदी होतो. खिडक्या बंद. समोरची बाई उठून मागं गेली. एका पोरीनं नाक धरलं. मग माज्या टोकातनं थेंब गळायला लागले, चिकट, पिवळट, शेंबडागत. सीटवर, बिरप्पाच्या मानेवर, प्रियंकाच्या पिवळ्या रेनकोटवर.

"आज्जा, काढ ते," प्रियंका दाताखालनं बोलली. "माजा रेनकोट घे."

"कशापायी?"

"लोकं बघायलीत."

"बघू द्या की! चाळीस वर्सं हिनं मला भिजू दिलं न्हाय. तुज्या बापाला ह्याच्यात गुंडाळून दवाखान्यात न्हेला. तुला लाज वाटायली व्हय घोंगडीची?"

"मला लाज न्हाय वाटत! पण सीट खराब व्हायली, दिसतंय का? उद्या ह्याच ट्रामनं मला कामावर जायचंय!"

दोगं बी एकाच रक्ताची. दोगांचे बी कान लाल. पुढच्या थांब्याला ती उतरली, मागनं तो. बोलणं बंद. पाऊस चालू.

थांब्यासमोर कपडे धुवायचं दुकान होतं. दुकान म्हंजे नुस्ती मशीनं, भिंतीला वळीनं लावलेली, पैसे टाका आन धुवा. आत ऊब होती. एक गोरा म्हातारा आपल्या चड्ड्या-बनियनं गोल फिरताना बघत बसला होता. प्रियंका मला बिरप्पाच्या खांद्यावरनं वढून घेत म्हणाली, "दे हिकडं. अर्ध्या तासात धुवून, वाळवून देते."

मित्रांनो, तुमाला सांगते, माज्या आयुष्यात मी लांडगा बघितलाय. दोनदा. पण त्या मशीनचं गोल काचेचं तोंड उघडलं तवा जी धडकी भरली ती लांडग्याला बघून भरली न्हवती. गरम पाण्यात घोंगडी घुसळली की संपली. आटती, गोळा होती, पायपुसणं होतं तिचं.

"ए!" बिरप्पानं माजं दुसरं टोक धरलं. "मारतीस का तिला?"

ती वढती, तो वढतो. मधे मी, खळ गाळत. तेवढ्यात तो गोरा म्हातारा उठला. त्यानं मला चिमटीत धरून बघितलं, मशीनकडं बोट केलं आन जोरजोरात मान हलवली. मग दोन्ही हात लांब करून स्वेटर दाखवला, हात जवळ जवळ आणत आणत बाळाच्या झबल्याएवढा केला, आन आपल्या भाषेत बडबडत कपाळावर हात मारला.

प्रियंकाला हसू फुटलं. "म्हणतोय की त्याच्या बायकोनं विणलेला स्वेटर त्यानं असाच घालवला."

"बघ! परक्या माणसाला कळतंय," बिरप्पा म्हणाला. म्हाताऱ्याला त्यानं रामराम केला. त्यानं बी केला, जमंल तसा.

मग दोगांनी मिळून मला पिळली, हातानं, हळू. खळ मोरीत गेली. आन पिळता पिळता बिरप्पाला दुकानाच्या मधोमध ते टेबल दिसलं. कपड्यांच्या घड्या घालायचं लांबरुंद टेबल, पांढरं, कोरडं, पुसलेलं. सगळ्या गेंटमदी तेवढी एकच जागा होती जिच्यावर कुणी जोडे घालून चढलं न्हवतं.

त्यानं मला टेबलावर अंथरली. प्रियंकानं बघितलं. मग तिनं नळावर हात धुतले, वले बूट काढले, मोजे काढले आन टेबलावर चढून माज्यावर बसली. गार पाय खाली लोंबकळत होते. बिरप्पा बी चढला. गोरा म्हातारा बघत ऱ्हायला, पण हसला न्हाय.

"इचार आज्जा," ती म्हणाली.

"काय इचारू?"

"मला ठाऊक हाय. आज्जीनं फोनवर सांगितलं."

"सांगितलं? तिच्या तोंडात तीळ भिजंल तर शपथ!"

"ती म्हणाली, आज्जा इचारंल, न्हाय म्हणू नगं, म्हाताऱ्याला लागंल." तिनं डोळे पुसले न्हाईत, पण आवाज वला झाला. "मी न्हाय म्हणणार न्हाय. घोंगडीवर मला न्हाय म्हणता येत न्हाय, लहानपणापासनं बघितलंय मी. तू इचारलंस तर चैत्रात येते मी. हितलं सगळं सोडून येते. म्हणून सांगते, इचारायच्या आदी तूच इचार कर."

मशीन फिरत होतं. बिरप्पानं घसा साफ केला. तोंड उघडलं.

आन तवाच मला तिची बोटं जाणवली. ती माजा काठ उसवत होती. तिला ठाऊक बी न्हवतं. नजर खाली, आन नखानं लाल धागा कुरतडत होती.

खरं सांगू मित्रांनो? एक गोष्ट मी तुमाला मुद्दाम सांगितली न्हवती. मानाच्या गोष्टी सांगितल्या, ही लपवली. बिरप्पाला एक पोरगी बी हाय, बसव्वा. धनाजीच्या पाठची. धावीला चांगले मार्क पडले होते, पुढं शिकायचं म्हणत होती. सतराव्या वर्सी बिरप्पानं तिला माज्यावर बसवली आन अक्कलकोटच्या स्थळासाठी शबूद मागितला. तिनं दिला. देताना अशीच खाली बघून माजा काठ उसवत होती. दोन बोटं रुंद धागा गेला तितला. केराबाईनं परत कदी तो शिवला न्हाय. बसव्वाचं वाईट काय झालं न्हाय, नवरा बरा हाय, दोन पोरं हायत. पण माहेरी आली की ती मला घडी घालून बाजूला ठेवती आन फरशीवर बसती. पंचवीस वर्सं झाली. कुणी कदी काय म्हणलं न्हाय. मी बी न्हाय.

बिरप्पाची नजर प्रियंकाच्या बोटांवर गेली. म्हाताऱ्याला लांबचं दिसत न्हाय, पण जवळचं दिसतं. त्याचा हात आपोआप माज्या दुसऱ्या टोकाकडं गेला, त्या दोन बोटांच्या उसवलेल्या जागेकडं, आन अंगठा तितं थांबला.

गोऱ्या म्हाताऱ्याचं मशीन पीं पीं करून थांबलं तवा त्यानं अंगठा उचलला.

"उतर खाली," शेवटी तो म्हणाला.

"का?"

"उतर म्हणतो न्हवं!"

प्रियंका घाबरून उतरली. अनवाणी, गार फरशीवर. बिरप्पा एकटा माज्यावर, मांडी घालून, ताठ.

"आता मी बसलोय," तो म्हणाला. "तू माग."

"मी? मी काय मागू आज्जा?"

"काय बी माग. मला न्हाय म्हणायची रीत न्हाय."

प्रियंका मग रडायला लागली, मग रडता रडता हसली. "हे उलटं झालं."

"झालं तर झालं. माग लवकर, गुडघं दुखायलेत."

"मग... मग माजं मला ठरवू दे. कुटं ऱ्हायचं, कवा लगीन करायचं, कुणासंगं, करायचं का न्हाय, सगळं. कुणी बी मला घोंगडीवर बसवायचं न्हाय. आन आज्जीला आन पप्पांना तू सांगायचं, मी न्हाय."

बिरप्पानं डोळे मिटले. केराबाई दिसली असंल त्याला, दुसरं काय. मग तळहात माज्यावर टेकवला. "दिला शबूद."

गोऱ्या म्हाताऱ्यानं प्रियंकाला काय तरी इचारलं. तिनं त्याच्या भाषेत सांगितलं. त्यानं आपल्या वाळलेल्या कपड्यांतनं एक टॉवेल काढला आन बिरप्पाच्या चिकट मानेवर टाकला. बिरप्पानं टॉवेल उलटासुलटा करून बघितला. "सोलापूरचा दिसत न्हाय," तो म्हणाला, "पण बरा हाय."

शबूद देणं सोपं असतंय. खरं काम सोलापुरात येऊन झालं.

घरात पाऊल टाकलं न टाकलं की केराबाई, "काय झालं? दिला का शबूद पोरीनं?"

"पोरीनं न्हाय. मी दिला."

सगळं ऐकल्यावर केराबाईनं मला अशी आपटली भिंतीवर की धूळ उडाली. "शबूद आणायला पाठवलं आन ह्यो देऊन आला! लोकं शेण घालतील तोंडात." धनाजी बी चिडला. म्हणाला, वैरागच्या पाव्हण्यांना आता कोण तोंड दाखवणार?

"मी," बिरप्पा म्हणाला. दुसऱ्या दिवशी मला खांद्यावर टाकून तो यष्टीनं वैरागला गेला. फोनवर सांगता आलं असतं, पण घोंगडीवरचा शबूद फोनवर फेडत न्हाईत. सिद्धूचा बाप चहा पाजून फुरंगटून बसला. सिद्धू मात्र आमाला यष्टी स्टँडपातूर सोडायला आला. गाडी यायच्या आदी हळूच म्हणाला, "बरं झालं आज्जा. मला बी कुणी इचारलं न्हवतं."

केराबाईचा राग काय जाईना. ताट वाढायची ते लांबनं सरकवून द्यायची. चौथ्या दिवशी दुपारी ती भांडी घासता घासता थांबली आन म्हणाली, "आवं, माजं लगीन ठरलं तवा मला कुणी इचारलं होतं का?"

बिरप्पानं इचार केला. "न्हाय. तुज्या बापानं तुला बसवलं आन माज्या बापानं इचारलं."

"मग मला बी आता इचारा की. नातीचा तेवढा मान, आन मी काय वाटंवर पडली हाय व्हय?"

"ह्या वयात?"

"इचारायचं न्हाय तर ऱ्हाऊ द्या."

बिरप्पा उठला. दोन खोल्यांच्या घरात मधोमध मला अंथरली, चपला लांब काढल्या, हातपाय धुतले. केराबाई लुगडं सावरून माज्यावर बसली. आन पंचाहत्तर वर्सांचा बिरप्पा तिच्यासमोर फरशीवर बसून म्हणाला, "केराबाई, नांदशील का माज्यासंगं?"

केराबाईनं वर छताकडं बघितलं. खिडकीकडं बघितलं. मग म्हणाली, "इचार करून सांगते."

मित्रांनो, आता माजं काय ऱ्हायलंय? एकच मागणं हाय. घरात जुनी घोंगडी असंल तर तिला माळ्यावर गोळ्यांच्या वासात कोंबू नगा. महिन्यातनं एकदा ऊन दाखवा, गार पाण्यात हातानं धुवा, मशीनच्या आसपास बी नेऊ नगा. तिच्यावर जोडे घालून चढू नगा. आन तिच्यावर कुणाला बसवायचं असंल, तर आदी त्याला इचारा की बाबा, तुला बसायचंय का? एवढं केलं तर घोंगडी शंभर वर्सं टिकती, आन माणसं बी.

ह्या गोष्टीला तीन दिवस झाले. मी अजून फरशीवरच अंथरलेली हाय. धनाजी रोज कामावरनं आला की चपला दारात काढून भिंतीला घासत घासत आत जातो आन कुरकुरतो, "आई, ही घोंगडी आता उचलू का?"

"हात लावू नगं," केराबाई आतनं ओरडती. "माजा इचार चालू हाय."